सातव्या प्रकरणाबाबत माझे शेवटचे म्हणणे

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार माझ्याच दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कुणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर तो माणूस तुम्हाला लंगडताना दिसला असता. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी हृदयाबद्दलही दोन शब्द सांगितले, ते काही जोडण्यासारखे नाहीत. आज सकाळी बारीक सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला, एवढी नोंद माझ्याकडून पुरे.

मला सगळे मास्तर म्हणतात. पाटीवर 'टेलरमास्तर' असे रंगवून घेतले होते. बाई कशी मास्तर, असे विचारायला आलेले लोक मापे देऊन गेले.

कलम एक. वरच्या दोन खोल्या, भांडी, पलंग आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या धाकट्या बहिणीला. चाळीस वर्षे ती मला म्हणत आली, "ताई, त्या चार केसाळ माणसांच्या जाकिटांना गुंड्या लावण्यात जन्म घातलास." हो, घातला. त्यातलेच एक जाकीट तिच्या नवऱ्याने लग्नात मागून घातले होते आणि अजून परत केलेले नाही. खोल्या घे, बाई, पण जाकीट काढ.

कलम दोन. पायमशीन समोरच्या इस्त्रीवालीला. तिने वीस वर्षे नुसत्या नजरेने मागितली, तोंडाने एकदाही नाही. मशीनचा पट्टा सैल आहे, त्याला खडू लावावा.

कलम तीन. मला शेवटचे नेताना आमच्या बँडची दुसरी कॅसेट वाजवावी, आणि मोठ्याने वाजवावी. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर करू द्यावी, मी काही उत्तर द्यायला येणार नाही.

कलम चार. आता पुस्तकाचे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमचा बँड म्हणजे गायक, गिटारवाला, बेसवाला आणि ड्रमवाला. त्यांचे स्टेजवरचे कपडे मी शिवत असे. त्यांच्या चाहत्यांचे मंडळ दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझ्या दुकानात भरते, अजूनही भरते. मंडळाचे चार पानी पत्रक निघायचे, ते लिहायचे काम माझ्याकडे होते. गेल्या वर्षी एका चरित्रकाराने बँडचे चरित्र छापले. मंडळाने एक प्रत घेतली आणि सगळ्यांनी मिळून वाचायला बसलो.

दातांच्या डॉक्टरीणबाई मोठ्याने वाचत होत्या. पहिल्याच पानावर वाक्य आले, 'त्यांच्या नसानसांत विजेचे महासागर उसळत होते आणि त्या महासागरांत वादळांची रोपटी फुलत होती.' डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"महासागरात रोपटी?" आमचा निवृत्त टपालवाला म्हणाला. "कुंडीत लावली असतील."

मग जे सुरू झाले ते तीन रविवार चालले. बेसवाला पान नव्वदवर वारला आणि पान एकशे चाळीसवर पुन्हा वाजवू लागला. एकच कार्यक्रम दोनदा आला, एकदा मुसळधार पावसात आणि एकदा कडक उन्हात. फोटोखाली गायक म्हणून ज्याचे नाव छापले तो दिवे लावणारा निघाला. त्या बिचाऱ्याने पाच प्रती घेतल्या. चुका शोधून समासात लिहायच्या असे ठरले. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पेन्सिल, आणि मी शिंप्याचा निळा खडू वापरला. मोजणी दोनशे चौदावर थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका तोंडात एवढी कीड मी उभ्या हयातीत पाहिली नाही." टपालवाल्याने स्वतःची प्रत प्रकाशकाला परत पाठवली, तीही बैरंग, म्हणजे टपालखर्च घेणाऱ्याच्या माथी. ती परत आली. त्याने पुन्हा पाठवली. असे तीनदा झाले. एकाने प्रकाशकाला सोळा पानी पत्र लिहिले. एवढा आनंद मंडळात वीस वर्षांत झाला नव्हता, हे खोटे कशाला बोलू. वाईट पुस्तकाने आम्हाला पुन्हा तरुण केले होते.

आणि तरीही त्या प्रतीत एका प्रकरणाचा समास कोरा राहिला. प्रकरण सातवे, 'आरसा फुटला, बँड फुटला'. ड्रमवाला गायकाशी भांडला, जळफळाटाने बाह्या फाडल्या, ड्रमच्या काठ्या फेकून स्टेजमागच्या खोलीतला आरसा फोडला आणि ऐन भरात बँडला वाऱ्यावर सोडून गेला. दोन वर्षांत बँड मोडला, तो त्याच्यामुळे. पुढे रस्त्यात चाहत्यांनी हाक मारली तरी वळून बघत नसे, इतका माजोरी.

"बाकी सगळं रद्दी आहे," टपालवाला म्हणाला, "पण सातवं प्रकरण खरं आहे. आपल्याच पत्रकात आलं होतं की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या रविवारी ड्रमवाल्याचा फोटो दुकानाच्या भिंतीवरून काढायचा ठराव आला. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा फोटो! मी म्हटले, भिंत माझी, खिळा माझा, हात लावून बघा. फोटो अजून तिथेच आहे. तेव्हापासून मंडळात मला हट्टी म्हातारी म्हणतात, पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येते.

कलम पाच. चरित्रकाराला माझी बोथट कात्री. माझ्या दुकानात तो वीस मिनिटे बसला, दोन चहा प्यायला, पत्रकाचे बारा अंक पिशवीत घातले आणि एक प्रश्न विचारला नाही. एकसुद्धा नाही! अंक लिहिणारी समोर बसली होती. "हे कुणी लिहिलं? तुम्ही पाहिलं होतं का?" एवढे विचारायला काय जात होते? त्याच्या पुस्तकात कापड वीतभर आणि झालरी गाडाभर. बोथट कात्रीने का होईना, कापायची सवय लावावी. बारा अंक त्याच्याकडून परत घ्यावेत. क्षमा वगैरे मी त्याच्याकडे मागणार नाही आणि त्याला देणारही नाही.

कलम सहा. सातवे प्रकरण खोटे आहे. ते खोटे माझे आहे.

त्या खोलीत आरसा नव्हताच. गायकाला कॉलर दाखवायला मी पिशवीतून हातआरसा नेत असे. बाह्या ड्रमवाल्याने फाडल्या नाहीत, मी कापल्या. वाजवताना मुंढ्यात, म्हणजे खांद्याशी बाही जोडतात तिथे, जाकीट काचत होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा त्याचा फोटो नीट बघा, कडेला दुहेरी टीप आहे. रागात फाडलेल्या बाहीला कुणी टीप मारते का? मंडळात दोन शिंपी आहेत, त्यांनाही दिसले नाही. दोनशे चौदा चुका काढणारे आपण!

झाले ते असे. जाकिटाच्या फिटिंगला तो माझ्याकडे आला होता. मी त्याच्या डाव्या अंगाला उभी राहून म्हटले, हात वर कर. तीनदा म्हटले. तो ढिम्म. मी समोर आले तेव्हा हसला आणि म्हणाला, "मास्तर, तिकडून बोलू नका. तिकडे आता कुणी राहत नाही." डावा कान गेला होता आणि उजवा निघाला होता. बँडमध्ये त्याने फक्त 'थकलो' असे सांगितले. खरे त्याच्या बायकोला ठाऊक होते आणि मला. ती त्याच्या आधीच गेली.

बँड सोडून तो मुलांना ड्रम शिकवणार होता. चाहते विचारायला लागले, का सोडले, आणि पत्रक तर काढायचे होते. तो म्हणाला, "काहीही लिहा. भांडण लिहा. भांडकुदळाकडे पोरं शिकायला येतात, बहिऱ्याकडे कोण येईल?" मग म्हणाला, "मास्तर, तुमच्यात जीव आहे तोवर हे तुमच्या तोंडून निघता कामा नये." मी म्हटले, नाही निघणार. आणि एका दुपारी बसून भांडण शिवले. आरसा मीच घातला. नुसत्या भांडणाला शोभा येईना, म्हणून घातला, आणि तेव्हा मला स्वतःचे फार कौतुक वाटले होते. गायकाने वाचले, हसला, पुढच्या कार्यक्रमाला गर्दी वाढली म्हणून गप्प बसला. नंतर त्याने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की त्यालाच खरी वाटू लागली.

ड्रमवाल्याने वीस वर्षे शिकवले, लाकडी जमिनीवर अनवाणी उभा राहून, तळपायांनी ऐकत. रस्त्यात वळून बघत नसे कारण हाक पोचतच नव्हती.

मंडळाला माझी सूचना अशी. हे कलम शेवटच्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने वाचावे, गाळून वाचू नये. मग प्रत उघडावी आणि सातव्या प्रकरणाच्या समासात प्रत्येकाने आपापल्या पेन्सिलीने लिहावे. दोनशे पंधरावी चूक माझ्या नावावर टाकावी. मला शिव्या घालायच्या असतील तर जागा भरपूर आहे. फोटो मात्र हलवायचा नाही. दुकान पुढे कुणी चालवो, ही अट दुकानासकट जाईल.

कलम सात. हे कलम मुद्दाम सातवे ठेवले आहे. ड्रमवाल्याच्या लेकीला कापड बेतायचे माझे लाकडी टेबल आणि मापांची तिसरी वही.

पोरी, पुस्तक आल्यावर तू दुकानात आलीस. म्हणालीस, "मावशी, बाकी सगळं खोटं आहे म्हणता, मग हेही खोटंच ना?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या काढता आल्या असत्या. मी काढल्या नाहीत. तू थोडा वेळ थांबलीस आणि म्हणालीस, "म्हणजे खरं आहे. माझं गाणंही ते असंच अर्धवट टाकून उठले होते. बाबांनी माझं गाणं कधी ऐकलंच नाही." आणि गेलीस. त्या दिवसापासून मला घास गोड लागलेला नाही.

शपथ मोडून सांगता आले असते, असे तू म्हणशील. म्हण. मला शब्द मोडता येत नाही, आणि त्याची लाजही वाटत नाही. पण शब्द माझ्यात जीव असेपर्यंतचा होता. त्यापुढचा नव्हता. ही फट सापडायला मला एक वर्ष लागले, नाहीतर हे मृत्युपत्र मी लिहिले कशाला असते? खोल्या आणि मशीन तोंडी सांगून भागले असते.

वहीचे पान ब्याऐंशी काढ. तुझ्या बापाचे माप आहे. छाती अडतीस, मुंढा इंचभर सैल, बाही नको. खाली माझ्याच अक्षरात लिहिले आहे, 'डावीकडून बोलू नये.' वर तारीख आहे, बँड सोडण्याच्या दोन महिने आधीची. पुस्तकवाल्यांना पुरावा हवा असेल तर तो हा.

आता पान एकशे चार. फ्रॉक, वय आठ, शाळेच्या कार्यक्रमासाठी. घेराची खूण करायला मी तुला याच टेबलावर उभी केली होती. तू कार्यक्रमातले गाणे म्हणायला लागलीस आणि पायाने ठेका धरलास. तुझ्या बापाने टेबलावर तळहात टेकला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ताल धरला. शेवटपर्यंत एकदाही चुकला नाही. शाळेत मात्र तो मधेच उठून गेला, तो माझ्या दुकानात येऊन बसला. म्हणाला, "सिमेंटच्या स्टेजमधून काही येत नाही, मास्तर. ती खाली उतरून विचारेल, कसं झालं, तर मी काय सांगू?" आणि तोंड झाकून रडला.

त्याने ऐकले गं. एकदाच ऐकले, पण सगळे ऐकले.

टेबल घरी ने. चारही पाय सरळ टेकतील अशा जागी ठेव. कुणाला तरी त्यावर ठेका धरून गायला लाव, कान बंद कर आणि तळहात टेक.

हे मृत्युपत्र टपालवाल्याच्या हवाली बंद पाकिटात करत आहे. पस्तीस वर्षांत त्याने दुसऱ्याचे पाकीट उघडलेले नाही, हेही उघडणार नाही, आणि मी गेल्यावर स्वतः आधी तुझ्याकडे आणि मग मंडळात नेऊन देईल. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे, मजकूर वाचू दिलेला नाही. दोघेही रुसले आहेत.

सही: मास्तर (स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत)

साक्षीदार पहिला: निवृत्त टपालवाला. 'सही पाहिली. वाचू दिले नाही, याची नोंद घ्यावी.'

साक्षीदार दुसरी: दातांची डॉक्टरीण. 'सही माझ्यासमोर झाली. हात स्थिर होता.'

ठिकाण: दुकान, कापड बेतायचे टेबल, फोटोच्या खाली.

दिनांक: महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळचे अकरा. अजून जिवंत आहे, आणि अजून कुणाला काही बोललेले नाही.