इशिताच्या आफ्रिकेविषयी माझा संशय

चँडलर, ॲरिझोना
मे २००६

ती. शरयूताईस,

नरेंद्रचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण गुडघा परवानगी देत नाही). तुझं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल, आणि दिसायला लागलं म्हणून लगेच सुनेच्या डब्यांवर नजर ठेवायला लागली नसशील, अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल. म्हणजे सुनेत्रा खुशाल आहे आणि इशिता फारच खुशाल आहे. या दोघी एकाच वेळी खुशाल असल्या की मला संशय येतो, हे तुला सांगायला नको. ईमेल न करता कागदावर लिहितोय, कारण माझा पासवर्ड घरात सगळ्यांना पाठ आहे.

तर तुझ्या भाचीनं केमिकल इंजिनिअरिंग सोडून भाषाशास्त्र घेतलं, हे मी गेल्या वर्षी गिळलं. आता तिची युनिव्हर्सिटी तिला इथिओपियात पाठवणार आहे, वर्षभर. तिथल्या कुठल्याशा डोंगरात एक भाषा आहे, ती बोलणारी माणसं आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जमतात त्याहून कमी. ती भाषा नाहीशी व्हायच्या आत ही टिपून आणणार. (घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आपल्याकडच्या बोली काय कमी मरतायत?) एका मुलीला जगाच्या पाठीवर पाठवायचं, का, तर म्हाताऱ्यांना 'याला काय म्हणता, त्याला काय म्हणता' विचारायला. यात कुणाचा तरी फायदा असणारच. मी वीस वर्षं चिप फॅक्टरीत माल तपासतोय. वरून चकचकीत दिसतं तिथेच तडा असतो.

त्यासाठी आधी इथे ट्रेनिंग. रेकॉर्डर उन्हावर चार्ज करायला शिकायचं म्हणून पोरीनं अंगणात सोलर पॅनल मांडलं. कॉलनीच्या असोसिएशनचं तंबी देणारं पत्र माझ्या नावावर आलं. मच्छरदाणी बांधायची प्रॅक्टिस म्हणून ती हॉलमधल्या पंख्याला बांधली आणि मी पंखा लावला (मला कुणी सांगितलं नव्हतं). पण माझे कान टवकारले ते वेगळ्याच गोष्टीनं. या मुलांना शिकवतात, की एकच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी, फिरवून फिरवून विचारायचा आणि उत्तर तेच येतं का ते पाहायचं. ही विद्या पोलिसांची, ताई. भाषावाल्यांना कशाला लागते?

मध्यंतरी इशिताची गाडी बिघडली. मी तिला सोडायला गेलो आणि बाहेर भयंकर ऊन म्हणून (हे कारण मी दिलं) वर्गातच मागे बसलो. वर्गात ती भाषा बोलणाऱ्या एक बाई येतात. अलमाझबाई. वय माझ्याएवढं, डोक्यावर पांढरी शाल, एरवी एका सुपरमार्केटमध्ये केक सजवतात. मुलं पाळीपाळीनं शब्द विचारतात आणि त्या सांगतात. मी तीन-चार दिवस गेलो (गाडी तोवर दुरुस्त झाली होती) आणि मला तडा सापडला. मधाला काय म्हणता, असं विचारलं की बाई एकदा 'माश्यांचं पाणी' म्हणायच्या, एकदा 'झाडावरचं गोड'. त्यांना न्यायला पुतण्या यायचा, त्याला मी सहज विचारलं, तर त्यानं फाडकन एक छोटासा शब्द सांगितला. म्हणजे बाई मनाचंच ठोकून देतायत! मी भर वर्गात उठलो आणि तो शब्द मोठ्यानं म्हणून दाखवला. अलमाझबाईंनी कानावर शाल ओढली, पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

पुढच्या वर्गाला त्या आल्याच नाहीत. प्रोफेसरबाई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्या नावासारखा वाजणारा शब्दसुद्धा उच्चारत नाही, आणि सासऱ्याचं नाव तोच मधाचा शब्द. मी एका बाईला तिचा सासरा वर्गात हाका मारून ऐकवला होता. हे ऐकून सुनेत्रानं कपाळाला हात लावला. म्हणाली, "अहो, मी लग्न झाल्यापासून तुमचं नाव घेतलं नाही. मोबाइलमध्येसुद्धा 'इशिताचे बाबा' आहे. तुम्हाला एवढंही कळू नये?" इशितानं दोन आठवडे माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. मला फार लागलं, ताई. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

आता बाईंवाचून वर्ग अडला. तेव्हा इशितानं प्रोफेसरबाईंना सुचवलं, की ज्यांनी घालवलं त्यांनाच खुर्चीत बसवा, मराठीवर सराव करू. मी बसलो. पोरांनी समोर माइक ठेवला. भाऊ, आजी, भाकरी वगैरे सुरळीत झालं. मग एका उंच मुलानं विचारलं, 'माझी मुलगी जाते' कसं म्हणाल? मी म्हणालो, "मुलगी येते." त्यानं लिहून घेतलं. मग 'माझी मुलगी येते' कसं म्हणाल? "मुलगी येते." त्यानं प्रोफेसरबाईंकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली, ती माझीच होती. शिकवल्याप्रमाणे त्यानं फिरवून विचारलं, "ती आफ्रिकेला जाते?" मी घाम पुसून म्हटलं, "ती जाऊन येते." अख्ख्या वर्गाला वाटलं, म्हातारा बनवतोय. घरातून निघणाऱ्या पोरीबद्दल 'जाते' कसं म्हणायचं, तूच सांग! जीभच उचलेना. इशिता मागून आली, रेकॉर्डर बंद केला आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स इनफ. चला घरी." गाडी तिनं चालवली. रस्त्यात माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

अलमाझबाईंकडे मी बेसनाचे लाडू घेऊन माफी मागायला गेलो. त्यांनी लागोपाठ तीन वेळा कॉफी पाजली आणि इशिताला राहायला गावाकडच्या आपल्या बहिणीचं घर देऊ केलं. इतक्या चांगुलपणामागे काहीतरी असणारच. मी शोधतोय.

तेव्हा या पत्राचं कारण एवढंच, की तू आत्या आहेस, तुझा शब्द ती खाली पडू देत नाही. तिला फोन कर आणि खडसावून सांग, आफ्रिका रद्द. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

तुझा,
नरेंद्र

ता. क. तिचं तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्याचं आहे. मच्छरदाणी मी दोनदा बदलून आणली, पहिलीची भोकं मोठी होती.

ता. क. २ वर खडसाव म्हणून लिहिलंय ते खोड. फोन मात्र नक्की कर. त्या डोंगरात फोन लागतो का, आणि लागला तर दर रविवारी बाबाला करशील का, एवढं तुझं म्हणून विचार. मी विचारलं तर तिला संशय यायचा.