झेडचा ठोकळा

रविवार, दिवेलागण

जिंकली मी! आठवडाभर स्कूटी माही. आता रिसोडले भरल्या जीपमधी दादाच जाईन.

इंग्रजी शब्द जुळवायच्या या खेळात आजवर तोच जिंकत आला. आजही नाकाच्या शेंड्यावर टूथपेस्ट फासून बसला होता, तरी रुबाब केवढा! घरचा नियम एकच. शब्द लावला की त्याचा अर्थ आपल्या बोलीत समजवायचा, नाही तर ठोकळे वापस. मी झेडचे छोटे शब्द पाठच करून बसली होती. झिप म्हणजे चेन, झॅप म्हणजे झटका, झू म्हणजे प्राण्यांची बाग. अन् हाती काय आलं? झेडसोबत आय आणि टी. काहून घाबरली होती मी इतकी? उत्तर तर सकाळपासून टूथपेस्ट लावून घरभर फिरून राह्यलं होतं!

मी ‘झिट’ लावला.

“असा शब्दच नाही,” दादा म्हणे. “असंन तर अर्थ सांग.”

मी भिंतीवरचा आरसा काढला अन् त्याच्यासमोर धरला.

आई हसून हसून बेजार. “झिट म्हणजे पुटकुळी! अरे, तुह्या नाकावरची पुटकुळी!”

दादानं नाकाले हात लावला, अन् गुपचूप चावी माह्याकडं सरकवली.