ह्यांच्या सीटवर कमलीमावशी

मेडशी,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप तुळसाताईंना ज्योत्स्नाचा वाकून नमस्कार.

तुमचे बी.पी. आता कसे आहे? भाऊजींची शुगर आणि पल्लवीची नोकरी ठीक असेल असे धरून चालते. मी बरी आहे. जेवण जाते. झोप मध्येच मोडते, पण ती पूर्वीही मोडायची (तेव्हा ह्यांच्या घोरण्याने, आता त्याच्या नसण्याने). फोनवर तुम्ही भावाच्या आठवणीने रडता, मग मी रडते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते आहे.

तेरवीनंतर निघताना तुम्ही म्हणालात की पल्लवीचे लग्न आता आपल्या लॉनवर नको, अकोल्याला एखादा हॉल बघू. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली नव्हती, पण त्या वेळी मला बोलता आले नाही. ह्यांनी त्या गवतावर गावभराची लग्ने लावून दिली, आणि प्रत्येक लग्नानंतर मांडवाचे खड्डे बुजवताना एकच म्हणायचे, आपल्या पल्लवीच्या वेळेस हे गवत बघशील. म्हणून मी ठरवले की आधी गवत नीट कापून घ्यायचे, त्याचा फोटो तुम्हाला पाठवायचा आणि मग बोलायचे. तो फोटो अजून आलेला नाही. का आला नाही ते सांगते.

तुम्हाला तो गवत कापायचा लाल ट्रॅक्टर आठवत असेल, ह्यांनी नागपूरच्या एका बंद पडलेल्या क्लबातून आणलेला (आणला तेव्हाच म्हातारा होता). त्याच्या पोटाखाली पत्र्याचे मोठे झाकण आहे, त्यात पाती फिरतात. इंजिन चालू करून पुढचे पिवळे बटण वर ओढले की पाती फिरू लागतात. मी मदनसिंग मेकॅनिकला बोलावले. इंजिन पहिल्या चावीला सुरू झाले. त्याने बटण ओढले आणि इंजिनच बंद पडले. पुन्हा चावी, पुन्हा सुरू, बटण ओढले की पुन्हा बंद. घरात माणसे बसायला येत होती, त्यांना हा आवाज ऐकू जात होता. मी चहा घेऊन बाहेर आले तर ह्यांच्या फोटोसमोर एकही माणूस नव्हता. सगळे पांढऱ्या कपड्यांत ट्रॅक्टरभोवती उकिडवे बसले होते आणि दोघे जण खाली आडवे झाले होते. मला धक्काच बसला. दुःखाच्या घरी असे कोणी वागेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

मारोतराव (आपले शेजारी, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले) म्हणाले, "पट्टा ढिला झाला, बाकी काई नाही." पट्टा बदलला. तुमच्या सासरकडचे शिरपूरचे पाहुणे (नाव लिहीत नाही) म्हणाले बॅटरी. बॅटरी बदलली. मग पाती फिरवणारा मॅग्नेट जळाला असेल असे सर्वानुमते ठरले. मदनसिंगने त्याला बॅटरीची वायर थेट लावून पाहिली, तर तो टक्‌ करून चांगला चिकटला. म्हणजे तोही ठीक. "मंग काहून बंद पडून राह्यलं बे हे?" असे मारोतराव इंजिनालाच विचारू लागले.

इथे एक सांगायचे राहिले. पहिल्या दिवशीच मी ट्रॅक्टरच्या सीटवर ह्यांचा खांद्यावरचा दुपट्टा घडी करून ठेवला होता. कोणाला काही बोलले नव्हते. पण तो कोणीही हलवला नाही. मदनसिंग बाजूला उभा राहून चावी फिरवायचा. मारोतराव, आपण मोठ्या ट्रॅक्टरवर बसतो तसे, मडगार्डवर टेकायचे आणि तिथून हुकूम सोडायचे. येणारा प्रत्येक जण आधी सीटला हात जोडायचा, मग खाली वाकून नटबोल्ट बघायचा. मला भरून यायचे. ह्यांना एवढा मान आहे हे ह्यांनाही माहीत नसेल.

परवा मंगरूळपीरहून कमलीमावशी आल्या. त्यांची भरभक्कम तब्येत तुम्हाला ठाऊक आहे. बसमधून उतरून चालत आल्या होत्या, धाप लागली होती, आणि अंगणातल्या सगळ्या खुर्च्यांवर पाने, पट्टे आणि जुनी बॅटरी मांडून ठेवलेली होती. मावशींनी पदर तोंडाला लावला, "कसा गेला रे माया राजा" म्हणून हंबरडा फोडला आणि रडत रडत मागे न बघता बसल्या. सीटवर. दुपट्ट्यावर.

ताई, सगळे सीटकडे बघत राहिले. मारोतरावांचा हात हवेतच राहिला.  मदनसिंगची नजर तेवढी बटणावर होती, त्याला काहीच कळले नाही. त्याने चावी फिरवून बटण ओढले, आणि पाती सुरू झाली. मदनसिंग ज्या पोत्यावर आडवा होऊन काम करायचा ते पोते खालीच राहिले होते. त्याच्या चिंध्या होऊन झाकणाच्या बाजूच्या तोंडातून भसाभस बाहेर आल्या आणि मारोतरावांसह तीन पाहुणे सुतळीने माखले. मावशी घाबरून उठल्या. मशीन बंद.

"मावशी, परत बसा," मदनसिंग म्हणाला.

"मी काई हात नाही लावला बापा."

"हात नोका लावू. निस्त्या बसा."

मावशी बसल्या, पाती फिरली. उठल्या, बंद. मशीनमध्ये बिघाड नव्हताच. सीटखाली एक बटण आहे, माणूस बसलेला नसला तर ते पाती फिरू देत नाही. आम्ही इतके दिवस मान देत होतो आणि मशीन माणसाची वाट बघत होते. तेव्हा मला आठवले की हे गवत कापताना बकऱ्या हाकलायला अर्धवट उठायचे, मशीन बंद पडायचे आणि हे बकऱ्यांवर चिडायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षे ते पाहिले, आणि मला वाटायचे हे रागाने बंद करतात.

मग मी दुपट्टा उचलला आणि स्वतः बसले. माणसांनी संकोचून दुसरीकडे बघितले. पाती फिरली नाही. मदनसिंगने वाकून बघितले, तर सीटखाली ह्यांनी मोठ्या ट्रॅक्टरची कडक स्प्रिंग बसवलेली (जुनी ह्यांच्या वजनाने दबूनच राहायची). माझ्या वजनाला ती दाद देत नाही. मदनसिंग आणि मारोतराव तर पऱ्हाटीच्या काड्या. मावशी म्हणाल्या, "मेलेल्याच्या जाग्यावर एकडाव बसली, तेवढं पुरे झालं मले." मदनसिंग वायर डायरेक्ट करून देत होता, मी नको म्हटले. माणूस पडला तर पाती थांबावी म्हणून ते बटण आहे, आणि ह्यांनी त्याला कधी कोणाला हात लावू दिला नाही. सोयाबीनचे पोते ठेवा असेही सुचले, पण माणूस पडेल आणि पोते बसून राहील.

अजून एक लिहिते, कारण मावशी सांगतीलच. मारोतराव मिशीतली सुतळी वेचत होते तेव्हा मी हसले. मोठ्याने, सगळ्यांसमोर. मावशींना पाती फिरली त्याहून जास्त धक्का ह्याचा बसला. मलाही बसला.

तर असे आहे. गवत गुडघ्याला आले आहे. मला काही मागायचे नव्हते, फक्त कळवायचे होते. भाऊजींना नमस्कार, पल्लवीला आशीर्वाद.

तुमची,
ज्योत्स्ना

ता. क. : तुमची अंगयष्टी अगदी तुमच्या भावासारखी आहे, हे मी चांगल्या अर्थाने लिहिते. तुम्ही स्कूटी चालवता, आणि ह्याला तर गिअरही नाहीत, नुसते पेडल. एका सकाळचे काम आहे. हॉलचे काय ते गवत कापून झाल्यावर, त्यावर उभ्या राहून ठरवा. तुम्ही तेव्हाही नको म्हणालात तर मी मान हलवीन, आणि ती हो म्हणूनच असेल.

पुन्हा ता. क. : पाकीट शोधताना फडताळात लोणच्याच्या बरणीमागे जुनी नरम स्प्रिंग सापडली, ह्यांनी चिंधीत गुंडाळून ठेवलेली. ती बसवली की मदनसिंगच काय, कोणीही गवत कापेल. मी ती परत बरणीमागे ठेवली आहे आणि कोणाला सांगितलेले नाही. दुपट्टा धुऊन वाळत घातला आहे. ऊन फार आहे, सीटवर बसाल तेव्हा तुम्हाला डोक्याला बांधायला होईल.