मासळीच्या बर्फाचा हिवाळा

३ ऑक्टोबर

शोभेची झुडपं! सहा वर्षं ज्यांच्यामागे घालवली, त्या माझ्या सफरचंदांना बागेचे मोठे साहेब आज पाहुण्यांसमोर हे म्हणाले. पाहुणे हसले. मीही हसलो — सगळ्यात जास्त राग त्याचाच येतोय.

थंड मुलखातून, ओल्या शेवाळात गुंडाळून, जहाजाने आणलेली ही कलमं. छातीच्या वर वाढलीच नाहीत. इथे पानगळ होत नाही. बारा महिने हिरवीगार, आणि फुलाचा पत्ता नाही. पाहुणे गेल्यावर साहेबांनी सुनावलं — वर्षअखेरपर्यंत फूल दिसलं नाही, तर सगळी उपटून तिथे लिंबं लावायची.

६ ऑक्टोबर

पहाटे मासळीबाजारातून बर्फाची गाडी आली. मुळांशी खड्डे करून बर्फ पसरायचा, म्हणजे झाडांना हिवाळा आल्यासारखं वाटेल — कल्पना माझीच. सगळ्या बागेला माशांचा वास. माळी माझ्यामागे कुजबुजतात, यांची झाडं सरबत पितात. ताई तोंडावर बोलते. आज म्हणाली, "फुलं नाही यायची रे, सर्दी होईल त्यांना."

बोलू देत. पण मी चुकत असलो तर?

११ ऑक्टोबर

ताईच्या दोन्ही शेळ्या बागेत शिरल्या. आमचं घर बागेला लागूनच. मधलं फाटक तिने उघडं टाकलं. कुंपणाकडची अख्खी ओळ फस्त! एक पान शिल्लक नाही. नुसत्या काटक्या.

नको ते बोललो. मेहुणे गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. घर तीच चालवते. तिला म्हणालो, "माझ्याच घरात राहून माझ्याच मुळावर उठलीस." तिने शेळ्यांचे दोर आखूड करून बांधले आणि आत गेली.

शब्द परत घ्यावासा वाटत नाही. हेही लिहून ठेवतो.

१२ ऑक्टोबर

शेळ्या विकल्या. ताईला सांगितलं, नदीपलीकडच्या गवळ्याकडे दिल्यात, मजेत राहतील. तिने विचारलं, "धाकटीला कोमट पाणी लागतं. सांगितलंस ना त्याला?" हो म्हणालो.

इथे तरी खरं लिहावं. खाटकाला दिल्या. दोर त्याच्या हातात देताना बरं वाटलं. त्यांनी भुकेपोटी पानं खाल्ली. मी कशापोटी दिल्या?

१५ ऑक्टोबर

ताई भाचीकडे राहायला गेली. भांडण नाही, रडणं नाही. दारातून एवढंच म्हणाली, "राग उतरला की बोलव."

उतरलेला नाही.

२ नोव्हेंबर

साहेबांनी बर्फ बंद केला. वर सगळ्यांदेखत म्हणाले, आता त्या खड्ड्यांत मासेच पाळा. या वेळी मी हसलो नाही. उलट उत्तरही दिलं नाही. घरी येऊन मात्र रिकाम्या स्वयंपाकघरात मोठमोठ्याने दिलं. असा शूर मी!

कुंपणाकडच्या त्या ओळीकडे फिरकलेलो नाही. तिला पाणीसुद्धा घातलेलं नाही. मेलेल्यांना कशाला?

९ नोव्हेंबर

ती ओळ उद्या मीच उपटणार. साहेबांच्या माणसांचा हात लागायला नको.

१० नोव्हेंबर

कुदळ घेऊन गेलो. काटक्या फुलल्या आहेत! कळ्या गुलाबी, उमललेली फुलं पांढरी. आणि फक्त त्याच ओळीला. ज्यांना बर्फ घातला, जपलं, त्या हिरव्यागार ओळींवर एक कळी नाही. पानं काढून घ्यायला हवी होती, एवढंच. सहा वर्षांत मला सुचलं नाही.

ताईला आजच बोलवायला हवं. ती येईल, फुलं बघेल, माझी भरपूर थट्टा करेल. मग विचारेल, धाकटीला कधी आणतोस?