चुकून आणि चुकीने

आप्पा,

तुमच्या नुकसानभरपाईची जुनी फाईल पाहून आल्यावर मी फोनवर म्हणाले, की तो जबाब मुकादमाने सांगितला तसा मी लिहिला. ते खोटं होतं. मुकादम नुसता उभा होता. हाताला बँडेज बांधून सांगत होतात तुम्ही, आणि लिहीत होते मी, पाचवीतली.

तुम्ही म्हणालात, "लिही, यंत्राची जाळी तुटलेली होती, हात चुकून आत गेला." मी लिहिलं, 'माझ्या चुकीने हात आत गेला.' मला वाटलं, 'चुकून' बोलण्यातलं आणि 'चुकीने' पुस्तकातलं. तुम्ही खाली अंगठा उठवलात आणि मुकादमाला म्हणालात, "अक्षर बघा आमच्या मास्तरणीचं!"

अर्ज फेटाळताना साहेबांनी एकच ओळ लिहिली आहे: 'कामगाराला स्वतःची चूक मान्य आहे.' चौदा वर्षं तुम्ही "आपलं नशीबच फुटकं" म्हणत आलात. ते नशीब माझ्या अक्षरात आहे, आप्पा.

कारकून म्हणाले, "जबाब लिहिणारीने कामगाराला घेऊन यावं, खरं काय ते सांगावं. प्रकरण पुन्हा उघडतं का, बघू." म्हणजे आधी तुम्हाला सांगायला हवं. फोनवर जीभ रेटली नाही. हे पाठवलं तर शेजारचे काका वाचून दाखवतील, आणि तुम्ही त्यांच्यासमोर माझीच बाजू घ्याल. ते मला सोसणार नाही. म्हणून पाठवत नाही. शनिवारी येऊन मीच वाचते. मग रागवा, पण सोमवारी डबा बांधून ठेवा. कार्यालय साडेदहाला उघडतं. या वेळी तुम्ही सांगाल तोच शब्द लिहीन.

तुमची मास्तरीण

ता. क. जायचं सोमवारी, अकरा तारखेला.