पहाटे पाचचं कॉर्नेट

भिंगार,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सॅमसन,

प्रभूच्या नावाने सलाम. मी ठणठणीत आहे. लेकीच्या घरी लाड होतात म्हणून गोडावर ताव मारू नकोस, शुगर आहे तुला.

इकडची ताजी बातमी म्हणजे शेजारच्या मालनबाई माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. सून फोनवर काय बोलते ते कळावं, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम! परवा विचारलं, "बाई, सून सारखी म्हनती, 'आय वाँट सम पीस अँड क्वाएट.' काय मागती वो ती?"

मी तीस वर्षं वर्गात सांगितलं तेच सांगितलं. शांतता, निवांतपणा. पण गोंगाटाला वैतागलेला माणूस मागतो ती. पोरांचा दंगा, मिक्सरची घरघर सुरू असली की हे म्हणायचं.

त्यांनी माझ्या घरावरून चौफेर नजर फिरवली. "मंग तुमाला ह्ये म्हनता यायचं न्हाई. तुमच्याकडं भांडं सुदिक वाजत न्हाई."

मी खूप हसले. मग रडले.

हे वाक्य मी शेवटचं तुलाच म्हटलं होतं. मिलिटरी बँडमधून निवृत्त झालास, तरी रोज पहाटे पाचला ते पितळी कॉर्नेट फुंकून गल्ली उठवायचास. त्या दिवशी त्याचा तोंडाशी धरायचा माउथपीस सापडेना म्हणून भांडी आपटत शोधत होतास. मी तेच वाक्य ओरडून म्हटलं. तू ऑर्डर समजून ट्रंक भरलीस आणि कॉर्नेट खुंटीवरच ठेवून शेवगाव गाठलंस. तीन महिने झाले.

ग्लोरियाचा काल फोन आला. म्हणाली, "आत्या, पप्पा म्हणतात, मला विसरायला होतं, नाताळचा बँड आता दुसऱ्याने सांभाळावा."

सॅमसन, तू काही विसरला नव्हतास. माउथपीस मीच लपवला होता, तांदळाच्या डब्यात, तळाशी. पोरांच्या पिपाण्या जप्त करायची जुनी सवय! "वय झालं माझं," असं तू म्हणालास तेव्हाही मी गप्प बसले. तुझं डोकं शाबूत आहे, माझंच फिरलं होतं. मला माफ कर.

माउथपीस धुऊन कॉर्नेटला लावलाय. पार्सलने मुळीच पाठवणार नाही. कॅरोलची तालीम रविवारी आहे आणि सगळे तुझी वाट पाहतायत.

आज दुपारी मी स्वतःच फुंकून पाहिलं. रेडा ओरडावा तसा आवाज निघाला. भिंतीपलीकडून मालनबाई कडाडल्या, "ओ बाई! पीस अँड क्वाएट!"

वाक्य अगदी अचूक वापरलं. आता मलाही ते पुन्हा म्हणता येऊ दे.

पहाटे पाचला अजूनही जागी होणारी,
तुझी दीनाताई