केर्बचा रविवार

पोर्तो आलेग्री,
१८ ऑक्टोबर २०१६

प्रिय एल्डा,

सुखरूप पोचलो. तू पिशवीत कोंबलेल्या दोन कुकांपैकी एक तर बसने सांता आल्बिना सोडायच्या आतच संपली. आमच्या निवृत्त कामगार मंडळाची इरासेमा, जिने ही सहल काढली, ती म्हणाली, "चाळीस वर्षं भाषणं वाटलीस, आता केक तरी वाट!" द्राक्षांची कुका होती. मला एक तुकडा मिळाला.

भरलेलं बदक, लाल कोबी, अंजिराचा मुरंबा, सगळ्यासाठी मनापासून आभार. लाकडी पट्ट्यांची घरं आणि चर्चचा मनोरा बघून मंडळी खूश आहेत. सगळ्यांनी ढीगभर फोटो काढले. माझ्याकडे एकच आहे, तुझ्या जेवणाच्या टेबलाचा.

तुला वाटलं असेल, सहल निघाली म्हणून दादा आला. तसं नाही. इरासेमा पुढचा आठवडा म्हणत होती. मीच हट्टाने केर्बचा रविवार धरला. केर्बला, चर्चच्या वाढदिवसाला, आपल्या गावात कोणी दार लावत नाही, आणि आत आलेल्याला, तो कोणीही असो, जेवल्याशिवाय सोडत नाही. एरवी तू मला पायरीवरून परत पाठवू शकली असतीस. म्हणून रिवाजाच्या आडून आलो. शूर माणसाचं काम नव्हे हे.

तरी दारात थबकलोच. तू म्हणालीस, "आत ये की दादा, तिथूनच भाषण ठोकणार आहेस का?" एकोणतीस वर्षांनी 'दादा'. तुझ्या लाउरोने ताट पुढे सरकवलं. "खा, नेस्तोर. सत्त्याऐंशी सालापासूनचं उरलंय."

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या सालचं केर्ब मी विसरलेलो नाही. तू अकरा कुका भाजल्या होत्यास आणि तुमच्याकडे एकही माणूस फिरकला नाही. मी समोर वेंडलिंगांकडे जेवत होतो. खिडकीतून तुमचं भरलेलं टेबल दिसत होतं. मी खुर्ची फिरवून बसलो.

त्या वर्षीचा बूट कारखान्याचा संप न्यायाचा होता. आजही कोणत्याही व्यासपीठावरून हे ठासून सांगेन. पण त्या संपात चारशे माणसांपुढे मी म्हणालो, "लाउरो कून मालकाला विकला गेला!" ते वाक्य न्यायाचं नव्हतं. लाउरो कामावर गेला, कारण तुमची नोएमी तेरा दिवसांची होती, आजारी होती, आणि कारखान्याच्या दवाखान्यात संपकऱ्यांच्या मुलांना घेत नव्हते. हे गावाला फार उशिरा कळलं. मलाही तेव्हाच कळलं, असं तुम्ही दोघं समजत आलात. रविवारी भांडी विसळताना तू म्हणालीसही, "तुला तरी कुठे ठाऊक होतं, दादा!"

मी पेला पुसत राहिलो. बराच वेळ एकच पेला.

मला ठाऊक होतं, एल्डा. सभेच्या सकाळी आईने सांगितलं होतं. पण सभेत गर्दी विस्कटायला लागली, लोक कामावर परतायच्या गोष्टी बोलू लागले. त्यांना एकत्र बांधायला कुणावर तरी संताप हवा होता, आणि मी त्यांना तुझ्या नवऱ्याचं नाव दिलं. गर्दी थांबली. टाळ्या पडल्या. आई मरेपर्यंत गप्प राहिली, माझी लाज राखायला.

चारशे माणसांपुढे बोललेलं स्वयंपाकघरात कुजबुजून परत घेता येत नाही. नोव्हेंबरात युनियनच्या सभागृहात जुन्या संपकऱ्यांचा मेळावा आहे, मला बोलायला बोलावलंय. वर लिहिलंय ते सगळं, आईने सांगितलं होतं इथपर्यंत, तिथे उभा राहून सांगायचं आहे. पण नाव लाउरोचं आहे. हे पत्र त्याला दे. तो नको म्हणाला, तर बोलणार नाही. हो म्हणाला, तर एक शब्दही गाळणार नाही.

तुम्ही काय ठरवाल ते ठरवा. पण आपलं वाटोळं करणाऱ्याला तुम्ही जवळ बसवून पोटभर जेवू घातलंत, हे मी विसरणार नाही.

पुढच्या केर्बला येणार नाही. येईन तो एखाद्या साध्या मंगळवारी, दार लोटून घ्यायची तुला मोकळीक असेल तेव्हा.

सगळं ठाऊक असलेला
तुझा भाऊ,
नेस्तोर